चिंध्यांच्या कोपऱ्यातलं बटण

९ सप्टेंबर

ते ध्यान आज पुन्हा आलं! मागच्या रविवारी दारातूनच कटवलं होतं, तेवढं पुरलं नाही. लेनर्ड स्टेपली म्हणे. फॅव्हरशॅमचा रिटायर बसड्रायव्हर. गळ्यात हेडफोन, हातात जमिनीतला धातू शोधायचं यंत्र, आणि खाली सैनिकांसारखी चट्ट्यापट्ट्यांची विजार. लपायचंय कुणापासून याला? गंजक्या खिळ्यांपासून?

"पॅगडनबाई, फक्त रविवारी येईन. खड्डे बुजवून जाईन. जे मिळेल त्यात अर्धं तुमचं."

अर्धा खिळा! कल्याण झालं माझं.

हो म्हणून बसले. गुडघा ठणकत होता, दारात उभं राहून वाद घालायचं त्राण नव्हतं. ओढ्याकडची दोन शेतं दिली. हिंड म्हटलं, बाबा.

१६ सप्टेंबर

दिवसभर शेतात पीं-पीं. संध्याकाळी स्वारी स्वयंपाकघरात हजर, माझ्या पुसलेल्या टेबलावर खजिना मांडायला. अर्धा घोड्याचा नाल. शिशाची एक गोळी. बिअरच्या डब्यांच्या कड्या, मूठभर. "हे सगळं इतिहास आहे, बाई!" बिअरच्या कड्या इतिहास! मग मी काय, शिलालेख?

वर भिंतीवर बसून डुकराच्या मटणाचा पॅटिस खाल्लान् आणि चुरा माझ्या पायरीवर.

जाताना म्हणतो, "तो जुन्या भट्टीमागचा कोपरा, खाजकुइली माजलीय तो — तिथं जाऊ का?"

नाही म्हटलं.

"का?"

का म्हणजे? बाबा नाही म्हणायचे म्हणून. आमच्याकडे हॉप्सचे, बिअरमध्ये घालतात त्या फुलांचे, वेल होते तोवर दर हिवाळ्यात यॉर्कशरच्या गिरण्यांतून लोकरीच्या टाकाऊ चिंध्या यायच्या. लॉरी भरभरून. हॉप्सला त्याच्यासारखं खत नाही. त्या चिंध्यांचा ढीग त्या कोपऱ्यात असायचा, घरापेक्षा उंच, आणि पावसात त्याचा असा वास सुटायचा की कुत्रं जवळ जाणार नाही. बाबा म्हणायचे, ढिगानं तिथली माती जळलीय, त्या कोपऱ्याला नांगर लावायचा नाही. नाही लावला. बाबा गेल्यावरही नाही लावला. शेत खंडानं देते त्यांनाही पहिल्या दिवशीच बजावते.

तर हे महाशय मला चिंध्यांच्या खताबद्दल समजावून सांगायला लागले! मला! मी लहानपणी त्या ढिगावर बसून कात्रीनं बटणं कापायचे. बाबांचा नियम होता — बटण कापून डब्यात टाकल्याशिवाय घरातलं फडकंसुद्धा फेकायचं नाही. तो डबा अजून फडताळात आहे. ह्यानं पुस्तकात वाचलंय आणि मला शिकवतोय.

२३ सप्टेंबर

कोपरा दिला त्याला.

खाजकुइली स्वतः कापतो म्हणाला. फुकट! मग कशाला नाही म्हणा? गुरासारखा राबला दिवसभर. हातमोजे फाटके होते, मनगटं सुजून लाल. माझ्याकडे मलम होतं. दिलं नाही.

३० सप्टेंबर

आज काय नाटक! धावत आला, हेडफोन गळ्यात लटकताहेत, श्वास लागलाय, तळहातावर चिखलाचा एक गोळा. मला वाटलं दात पडला त्याचा.

"बटण! बाई, बटण! कोपऱ्यात बिज्जूनं बीळ केलंय ना, त्यानं उकरून काढलेल्या मातीत होतं. मागे कडी आहे, पुढे काहीतरी जनावर आहे. हे साधं नाही — बड्या घरच्या नोकराच्या कोटाचं आहे! मालकाच्या घराण्याचं चिन्ह असतं ह्यांच्यावर. म्हणजे इथून कुणा लॉर्डाची बग्गी गेली असणार!"

मी चष्मासुद्धा लावला नाही. म्हटलं, "लेनर्ड, तुमच्या क्लबात सगळ्यांनी अक्कल एकाच दुकानात गहाण ठेवलीय का? केंटात बटण सापडलं की लगेच लॉर्ड! अहो, अर्ध्या इंग्लंडचे फाटके कोट ह्या शेतांत कुजलेत. बटण चिंध्यांबरोबर आलं. यॉर्कशरहून. लॉरीतून. बग्गी कसली डोंबलाची!"

तोंड बघण्यासारखं झालं. चिखलाचा गोळा रुमालात बांधून गेला. मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू?

पण चिंध्यांचा विषय निघाला की ती बाई आठवते आणि माझं डोकं उठतं. मला जन्म दिलेली. मी सात वर्षांची होते. सकाळी खाली आले तर चुलीशी बाबा, तव्यात पाव तळताहेत. ते कधी चुलीशी नसायचे. मागे वळून न बघता म्हणाले, "तुझी आई गेली. हिरवा कोट घालून. चिंध्यांच्या लॉरीतून, हॅरीबरोबर." एवढंच. मग पाव माझ्या ताटलीत वाढला. करपला होता.

लॉरीवाल्याबरोबर! निदान बरा कुणीतरी निवडायचा. आणि गेली ती गेली. साधं वाढदिवसाचं कार्ड नाही! आठव्याला नाही, दहाव्याला नाही, एकविसाव्याला नाही. पोस्टमनची वाट बघणं मी कितव्या वर्षी सोडलं ते आठवत नाही, पण सोडलं. बाबांनी दुसरं लग्न केलं नाही. माझ्या शाळेच्या कोटाची बटणं ते शिवायचे, त्या फावड्याएवढ्या बोटांनी. त्यामुळे त्या बाईबद्दल कुणी मला काही सांगू नये.

७ ऑक्टोबर

लेनर्डच्या क्लबात त्या बटणावरून भांडण झालं! एक म्हणाला सिंह. एक म्हणाला शेपूट जाड आहे, कुत्रा. तिसऱ्यानं आरमाराचं ठरवलं आणि चौथ्यानं घासून बघू म्हणून खिशातून दात घासायचा ब्रश काढला. लेनर्डनं म्हणे त्याच्या हातातून बटण हिसकावून घेतलं. "घासलं की मुलामा जातो, बाई! मेलो तरी घासू देणार नाही."

म्हातारी म्हातारी माणसं. घरी बायकांना ह्यांच्याशी बोलावंसं वाटत नसेल, दुसरं काय!

आता बटण म्यूझियमला दिलंय. तिथं एक बाई आहे, सापडलेल्या वस्तू ओळखून नोंदवणारी. सरकार ह्यावर माणूस ठेवतं. रस्त्यांतले खड्डे मात्र तसेच.

११ ऑक्टोबर

ती म्यूझियमची बाई स्वतःच आली. फिलिपा. बाई कसली, पोरगीच. नाकात कडी, पायात गवंड्याचे बूट. चहात दूध नको म्हणाली. काय पिढी आहे!

जागा बघायला आली होती. लेनर्ड मागे मागे, चर्चमध्ये आल्यासारखा टोपी हातात धरून. तिनं नकाशावर खूण केली आणि मग टेबलावर फोटो ठेवला. स्वच्छ केलेल्या बटणाचा. चांगला भाकरीएवढा मोठा केलेला.

"सिंह नाही, कुत्रा नाही," म्हणाली. "पाणमांजर आहे. तोंडात मासा. ऑल्डरस्केल घराण्याचं चिन्ह. नॉर्थम्बरलँडमधलं छोटंसं घराणं, वाडा केव्हाच पाडला. नोकरांच्या कोटाची बटणं त्यांनी लंडनहून करून घेतलेली, मागे कारागिराचं नाव आहे. लेनर्ड, नोकराच्या कोटाचं बटण हे तुम्ही अगदी बरोबर ओळखलंत."

लेनर्डच्या डोळ्यांत पाणी! एका बटणापायी!

"फक्त इतक्या लांब केंटमध्ये कसं आलं हे कळत नाही," ती म्हणाली.

"चिंध्यांतून," मी म्हटलं.

"हो, असू शकतं. पॅगडनबाई, तुम्ही बसा ना. बरं वाटत नाहीये का?"

मी म्हटलं, मला काही झालेलं नाही, आणि तुमचा चहा झाला असेल तर मला कामं आहेत.

१२ ऑक्टोबर

पाणमांजर.

मला ते माहीत आहे. बोटाला माहीत आहे. कडेवर घेतलं की माझा गाल त्या हिरव्या कोटावर यायचा आणि मी बोटानं तो मासा ओढून बघायचे, त्याच्या तोंडातून सुटतो का. उतरवल्यावर गालावर गोल वळ उठलेला असायचा. "बघ, चावलं तुला पाणमांजर," असं म्हणायची ती.

तिचा बाप उत्तरेत कुठल्याशा वाड्यावर कोचमन होता. तो मेल्यावर त्याच्या कोटाची बटणं तिनं आपल्या कोटाला लावली. गळ्यापासून गुडघ्यापर्यंत, सहा. मार्गेटची आत्या नाक मुरडायची — "नोकराची बटणं मिरवते, आणि तोरा राणीचा!" बाबा हसायचे आत्याबरोबर.

म्हणजे बटण तिचं. यॉर्कशरहून आलेलं नाही. बरं, मग? पडलं असेल एखादं, लॉरीत चढायच्या गडबडीत. तिला घाई होती ना! टाका नीट घातला नसेल.

तसं नाही खरं. टाके ती दुहेरी दोऱ्याचे घालायची. दातानं तोडायची दोरा.

पण पडतात बटणं. सगळ्यांची पडतात.

१८ ऑक्टोबर

सिडला भेटायला गेले. बाबांच्या हाताखाली हॉप्सच्या वेलांवर जन्म घालवला त्यानं. आता वृद्धाश्रमात टीव्हीसमोर, गुडघ्यावर घोंगडी, हनुवटीवर अंड्याचा बलक. तिथल्या मुली त्याला "राजा" म्हणतात. राजाचं तोंड पुसायला मात्र कुणी नाही. मी पुसलं.

सहज विचारावं तसं विचारलं, "सिड, चिंध्यांच्या लॉरीवाला हॅरी आठवतो?"

"हॅरी? न आठवायला काय झालं! एक डोळा तिरळा. कुत्रं घेऊन यायचा पुढच्या सीटवर."

"माझी आ— ती बाई ज्याच्याबरोबर गेली तो."

सिडनं टीव्हीचा आवाज कमी केला. मग म्हणाला, "पोरी, हॅरी पुढच्या हिवाळ्यात आला की परत. त्याच्या पुढच्याही. चिंध्या बंद होईपर्यंत येत होता. एकटा. तो आणि ते कुत्रं."

"मी कधी बघितला नाही."

"तू मार्गेटला होतीस ना, आत्याकडे. दोन-तीन वर्षं तुला आणलंच नाही मालकांनी, तोवर चिंध्याही बंद झाल्या."

"मग बाबांनी त्याला बदडला नाही? बायको पळवली त्यानं!"

"चहा द्यायचे त्याला," सिड म्हणाला. "आम्हीच चकित व्हायचो. पण विचारणार कोण? तुझ्या बाबांना प्रश्न विचारलेले आवडायचे नाहीत." आणि मग पुडिंग कधी मिळणार म्हणून ओरडायला लागला.

१९ ऑक्टोबर

सिडचं डोकं गेलंय. त्यात नवीन काही नाही.

२१ ऑक्टोबर

पाऊस. लेनर्ड आला नाही. पावसाला घाबरला लॉर्डांचा इतिहासकार!

मी मात्र खिडकीशी दोनदा जाऊन आले. मूर्ख बाई. कुणाची वाट बघत होते, त्या चट्ट्यापट्ट्यांच्या विजारीची?

बटणांचा डबा काढून ओतला टेबलावर. शिंपल्याची, हाडाची, पितळेची, बाबांच्या गणवेशाची. सगळी तपासली. पाणमांजर एकही नाही. नसणारच. ती घालूनच गेली ना कोट.

२८ ऑक्टोबर

दुसरं सापडलं.

तसंच. बिळाच्या तोंडाशीच, पहिल्यापासून हातभर अंतरावर. लेनर्ड लहान पोरासारखा नाचत आला. "जोडी जमली, बाई! आणि पुढे आणखी आवाज देतंय यंत्र. तिथली माती कुणी हलवलेली नाही, नांगर नाही, काही नाही. कधी मिळते अशी जागा?"

एकदम पडणार कशी दोन?

म्हटलं, "आज पुढे उकरू नका."

त्याला वाटलं मी परवानगी काढून घेतेय. चेहरा एवढासा झाला. "मी नीट करतो बाई. आधी खुणा करतो, मगच खणतो. जिथं जिथं आवाज येईल तिथं एक काटकी रोवायची, वर लाल चिंधी. सगळं एकदम दिसतं. क्लबात मला हसतात त्यावरून, वेळ फार लागतो म्हणून."

"तसंच करा," मी म्हटलं. "पुढच्या रविवारी. मी येईन बघायला."

आणि त्याला चहा दिला. आता तो क्लबात सांगत सुटेल, पॅगडनबाई विरघळली म्हणून. सांगू दे.

१ नोव्हेंबर

काहीच सुचत नाही. बाबांचा फोटो भिंतीवरून काढला, काच पुसली, परत लावला. स्वच्छ दाढी केलेला, सरळ भांगाचा माणूस. त्यांनी कधी माझ्यावर हात उगारला नाही. गावात कुणीही सांगेल.

तिच्यावर उगारायचे का? मला का आठवावं? मी सात वर्षांची होते. जिन्यात बसून कानात बोटं घालायचे तेवढं आठवतं. ते वादळाला घाबरून असेल.

४ नोव्हेंबर

गेले मी. काठी घेऊन, बाबांचे जुने बूट घालून. लेनर्ड यंत्र सावकाश फिरवत होता. वेंधळ्यासारखा नाही, नेहमीची बडबड नाही. आवाज आला की थांबायचा, काटकी रोवायचा, चिंधी बांधायचा.

एक. मग वीतभर पुढे दुसरी. मग वीतभर पुढे तिसरी, चौथी.

बिळाच्या तोंडापासून सरळ रेषेत. बिज्जूनं काढलेली दोन, आणि ह्या चार.

"काय ओळीत आहेत बघा!" लेनर्ड म्हणाला. "असं कधी नसतं, बाई. चिंध्यांतली बटणं इकडे तिकडे विखुरलेली असतात. ही तर कुणी मांडल्यासारखी—" आणि मग तो थांबला. त्यानं हेडफोन काढला. माझ्याकडे बघितलं, परत काटक्यांकडे बघितलं आणि टोपी काढली.

मी त्याला मूर्ख समजत होते. माझ्याआधी एक क्षण त्याला कळलं.

कुणी कोट फेकला तर तो चुरगळून पडतो. फेकायच्या आधी बाबांनी बटणं कापून डब्यात टाकली असती, चिंधीचीसुद्धा सोडायचे नाहीत. हा कोट सरळ झोपलेला होता. गळ्यापासून गुडघ्यापर्यंत सगळी बटणं लावून.

त्या कोपऱ्याला नांगर लावू नको म्हणाले. मी जन्मभर लावला नाही. दुसऱ्या कुणालाही लावू दिला नाही. राखण केली मी!

लेनर्ड म्हणाला, "बाई, तुम्ही घरात चला. मी इथं थांबतो. एकटं नको सोडायला." इथं कुणाला एकटं नको सोडायला, ते त्यानं सांगितलं नाही. पोलिसांना फोन मी केला.

६ नोव्हेंबर

आई कार्ड कुठून पाठवणार होती!